मयतीला दोन शब्द

मोझेल : ...आणि शेवटी म्हणायचं, असा नवरा शोधूनही मिळणार नाही. म्हण बघू.

लुव्हीनिया : नाही म्हणणार, वन्सं.

मोझेल : काय म्हणालीस?

लुव्हीनिया : ऐकलंत तुम्ही.

(अमेरिकेतल्या जॉर्जियात पाइनच्या रानाकडेला, काळ्या लोकांच्या वस्तीत एक लाकडी घर. साल १९३८, टळटळीत दुपार. बाहेरच्या खोलीत रॅन्समची शवपेटी उघडी ठेवली आहे. उद्या चर्चमध्ये प्रार्थना, मग दफन. स्वयंपाकघरात त्याची थोरली बहीण मोझेल आणि त्याची बायको लुव्हीनिया. दोघी काळ्या कपड्यांत. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्या रडत असतील. रडतंय कोण!)

मोझेल : हळू बोल. माझा भाऊ बाहेरच्या खोलीत निजलाय.

लुव्हीनिया : आता त्याला ऐकू येत नाही. येत होतं तेव्हा हळूच बोलले.

मोझेल : चर्चचा डीकन होता तो, पाद्रीबाबांच्या खालोखाल मान त्याचा. अख्खी वस्ती येणार उद्या. पाद्रीबाबा नाव पुकारतील, तू उठायचं, दोन चांगले शब्द बोलायचे नि बसायचं. सगळ्या विधवा बोलतात. तुझंच काय जगावेगळं?

लुव्हीनिया : उठणार आहे ना. बोलणारही आहे.

मोझेल : काय बोलणार आहेस?

लुव्हीनिया : माझी ओरा खोटं बोलली नव्हती, हे.

मोझेल : त्या कार्टीचं नाव नको काढूस या घरात!

लुव्हीनिया : माझ्या पोटची आहे ती. चौदा वर्षांची पोर भर चर्चमध्ये उभी राहिली, म्हणाली, बाबांनी आईचा जबडा मोडला. आणि तुम्ही ताडकन उठलात. पोरगी खोटारडी आहे, वहिनी पायरीवरून पडली म्हणालात.

मोझेल : तू का नाही तोंड उघडलंस मग? समोरच तर बसली होतीस.

लुव्हीनिया : फडक्यानं बांधलं होतं ना तोंड! ओरा चमच्यानं पाणी पाजत होती मला. आणि तिलाच सगळ्या मंडळींपुढे उभं करून बापाची माफी मागायला लावलीत. त्याच आठवड्यात पोर घर सोडून उत्तरेला गेली.

मोझेल : फडकं सुटल्यावर बोलायचं होतंस.

लुव्हीनिया : सुटल्यावर तो होता.

मोझेल : आणि तो गेल्यावर वाचा फुटली होय! मेलेल्या माणसावर आळ घेतेस? जनाची नाही, मनाची तरी ठेव.

लुव्हीनिया : आळ? हे तुम्ही म्हणता?

मोझेल : दिवसभर रानात गोऱ्या मुकादमाच्या शिव्या खायचा गं तो. तो दळभद्री मुकादम घोड्यावरून चाबूक नाचवायचा. माणसानं तो राग ठेवायचा कुठे?

लुव्हीनिया : माझ्या अंगावर. आणि मी कुठे ठेवायचा? मीही गोऱ्यांचीच धुणी धूत होते.

मोझेल : गोऱ्यांच्या कानावर गेलं ना हे, तर म्हणतील, बघा, जनावरंच आहेत ही.

लुव्हीनिया : आजवर काय वेगळं म्हणत होते?

मोझेल : एक बाई फिरकणार नाही तुझ्या दारी. मयताच्या घरी आणतात ती तळलेली कोंबडी नाही, मक्याची भाकर नाही. आजारी पडलीस तर पाणी कोण देणार?

लुव्हीनिया : ओरा. सकाळच्या गाडीनं येतेय. गाडीवरच्या पोर्टरनं निरोप आणलाय. घरी येईन, पण चर्चच्या पायरीवर पाय ठेवणार नाही म्हणते. ती आत यायला हवी असेल, तर मीच आधी बोलायला हवं. मला ती शेजारी हवीय बसायला.

मोझेल : म्हणजे तिच्यापायी आमची अब्रू चव्हाट्यावर! लोक मला विचारतील, कुंपणाला कुंपण लागून घर तुझं, तुला कसं ऐकू गेलं नाही?

लुव्हीनिया : गेलं नाही?

मोझेल : तोंड सांभाळून बोल.

लुव्हीनिया : त्यानं हात उगारला की तुम्ही अंगणात यायचात आणि मोठ्यानं भजन धरायचात. लोक रस्त्यात थांबायचे. म्हणायचे, मोझेलबाई काय तल्लीन होते! मी जमिनीवर पडून ऐकायची. तो थांबला नाही, तर तुम्ही पुढचं कडवं घ्यायचात.

मोझेल : चारचौघांना कळू नये म्हणून! तुझीच लाज झाकत होते मी.

लुव्हीनिया : माझी?

मोझेल : आई गेली तेव्हा रांगत होता तो. या हातांनी वाढवला मी. काय करायला हवं होतं मी? सांग ना! काय करायचं होतं?

लुव्हीनिया : दार वाजवायचं होतं.

मोझेल : ...पाद्रीबाबांना सांगते मी. तुझं नावच पुकारणार नाहीत ते.

लुव्हीनिया : न पुकारता उठेन.

मोझेल : तुझं तोंडसुद्धा बघवत नाही मला.

लुव्हीनिया : वाकडंच जुळलंय ते. उद्या शब्द जरा बोबडे येतील. पण कळतील.

मोझेल : आणि लोकांनी मला विचारलं तर? सगळ्यांसमोर, मोझेल, हे खरं का?

लुव्हीनिया : तर सांगा. तुमचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, वन्सं.