आमटीला होकार

धारूरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"संस्कृती, आपुन पोराचं घर बघायला गेलो अन् तू लगेच हो म्हनलीस. पोरगा येवढा आवडला का?"

"आमटी लई आवडली, ताई. आई गेल्यापून तशी कुटंच खाल्ली न्हाई. तेलगावपस्तोर समद्या खानावळी पालथ्या घातल्या मी."

"अगं, ती पोराच्या आईनं न्हाई केली. घाटनांदूरहून सैपाकाला बाई आनली होती."

"मग मी हो कुनाला म्हनले?"

"मला कावून इचारतीस?"

मग धाकटीनं फोन लावला.

"आबा, मला त्या पोराला परत भेटायचंय. न्हाई, जेवन नको. नुसतं बोलायचं हाय."