टॉवेलखालचा भाव

चहा पीत पीत ऐका, पण माझ्या सांगलीच्या गिऱ्हाइकाचा किस्सा ऐकाच! अण्णा, हळदीचे व्यापारी. तेव्हा आमच्या साताऱ्यात माझ्या खोलीवर इंटरनेट बघायला लोक चपला बाहेर काढून यायचे, आणि या माणसाला चक्क वेबसाईट हवी होती!

मी कॉम्प्युटर घेऊन थेट त्यांच्या पेढीवर गेलो, पान उघडून दाखवलं. वर हळदीचा झकास फोटो, खाली ठळक अक्षरात भाव. अण्णा ताडकन उठले.

"आरं गड्या, भाव उघडा? झाक आदी त्यो!"

"अण्णा, जगाला दिसावा म्हणून तर वेबसाईट करायची."

"व्हय, पर शेजारच्या पेढीलाबी दिसंल की! आमी कवा तोंडानं भाव बोलतो व्हय?"

खरंच होतं. त्यांच्यात भाव ठरायचा तो टॉवेलखाली, एकमेकांची बोटं दाबून. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मॉनिटरवर टाकला. "हे बग, आसं कर."

मी भावावर टॉवेलचं चित्र लावलं आणि मनात म्हटलं, बुडाली ही वेबसाईट!

महिन्याभरात अण्णांचा फोन, "आत्ताच्या आत्ता ये!" धावत सांगली गाठली. गादीवर इंदूरचा एक व्यापारी बसलेला. मला बघून म्हणाला, "ती वेबसाईट तुमचीच ना? किती वेळा माऊस दाबला, टॉवेल काही हलेना. शेवटी म्हटलं, जाऊन हातच घालावा!"

मी आनंदानं ओरडलोच, "अण्णा..."

टॉवेलखालचा हात न काढता अण्णांनी मला दटावलं, "गप रं, वेबसाईट चालू हाय!"