पोकळीचं भाडं

मंगळवार. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. मिरजेत, शिकलगारांच्या तानपुऱ्याच्या कारखान्यात फोन वाजला. वाजला म्हणजे काय — नुसतं टिंग! मेहरुन्निसानं हातातली कानस खाली ठेवली, ओढणीला हात पुसले आणि पडद्यावर पाहिलं. एकच ओळ होती. ‘आपल्या पार्सलचे आकारणी वजन एकोणसाठ किलो. फरकाची रक्कम कापून घेतली आहे.’

एकोणसाठ किलो! मंडळी, तानपुरा केवढा? साडेचार किलोचा! खोकं, भुसा, चिंध्या, सगळं धरून नऊ. मग वरचे पन्नास किलो आले कुठून? वाटेत कुणी आत बसलं होतं काय?

ऐका, मंडळी! आजचं आख्यान एवढ्याच प्रश्नाचं आहे. जिथं काहीच नाही, त्या रिकाम्या जागेचं भाडं कोणी भरायचं? आणि ते भरायची पाळी आपल्यावर आली, तर माणसानं कुठवर खरं बोलायचं?

आता ही मेहरुन्निसा कोण? घरची हाक मेहरू. वय चौतीस. बाप दस्तगीरभाई, वय बहात्तर. जवारी काढण्यात त्यांचा हात धरणारा नाही! जवारी म्हणजे घोडीवर तार टेकते ना, ती जागा घासून घासून अशी करायची, की तार नुसती वाजायची नाही — गुणगुणायची! हा माझ्यामागचा तानपुरा ऐका... ऐकलात? ते भुंग्यासारखं येतंय ना, ती जवारी.

पण दुकानात गिऱ्हाईक येईना. गाणारे फोनमधला तानपुरा लावून बसायला लागले. माळ्यावर भीमाकाठचे अकरा भोपळे टांगलेले, चांगले वाळलेले, टिचकी मारली की ‘टण्ण’ म्हणणारे. ते तसेच राहिले. शेवटी मेहरूनं ऑनलाइन बाजारात दुकान मांडलं. म्हाताऱ्यानं एकच अट घातली. “महिनाभर बघ. पदरचं जाया लागलं, तर ते दुकान बंद. आन मग लोकांवानी स्वस्तातला फायबरचा भोपळा मी करणार न्हाई. भोपळे खाली उतरवून गल्लीत वाटून टाकीन, भाजीला न्हाई तर भाजीवालीला!”

पहिलाच तानपुरा विकला गेला, सोळा हजारांना, घरपोच मोफत. बाजाराची दलाली वजा, माल-मजुरी वजा, वाहतुकीचे सहाशे धरले. हाती दोन हजार राहायचे. आणि हे टिंग आलं! वाहतूक लागली तीन हजार एकशे शहाऐंशी. नफा गेलाच, वर पाचशे शहाऐंशी पदरचे गेले.

चूक कुणाची? मंडळी, इथं न्यायानं बोललं पाहिजे. चूक मेहरूची होती! अर्जात चार रकाने होते — वजन, लांबी, रुंदी, उंची. वजन तिनं मोठ्या अभिमानानं लिहिलं, कारण या धंद्यात हलकं वाद्य म्हणजे कारागिराची शान. आणि बाकीच्या तीन रकान्यांत तिनं माप टाकलं ते भोपळ्याचं! यांच्यात तानपुरा मापतात तो भोपळ्यावरूनच. दांडी कोण मोजतो? पण कुरिअरवाला ना भोपळा बघतो, ना दांडी. तो बघतो खोकं. एकशे चाळीस सेंटिमीटर लांब, पन्नास रुंद, बेचाळीस उंच. गाडीत जेवढी जागा अडवाल तेवढं तुमचं वजन! तिन्ही मापांचा गुणाकार, भागिले पाच हजार — झाले एकोणसाठ किलो, किलोला चोपन्न रुपये! पेटीवाले, हसू नका. तुमची पेटी चौकोनी आहे म्हणून. कुरिअरला जावई म्हणून चालेल!

गंमत बघा. भोपळा जितका आतून रिता, तितका नाद गोड. त्यासाठी दस्तगीरभाई आठ-आठ दिवस आतून खरवडत बसतात. आणि बाजार म्हणतो, जितका रिता, तितकं भाडं जास्त!

त्याच दिवशी दुपारी दुसरी मागणी आली. बिलासपूरच्या एका गाणं शिकवणाऱ्या बाईंची. त्यांना हवी होती जोडी! एकाच झाडाच्या दोन भोपळ्यांची, एका स्वभावाची. तशी एक जोडी म्हाताऱ्यानं नुकतीच तयार करून ठेवली होती. बत्तीस हजार, घरपोच मोफत. मेहरूला आनंद व्हावा की नाही? तिनं आधी कागद घेतला. दोन खोकी, दोनदा एकोणसाठ किलो. म्हणजे अकराशे बहात्तरचा खड्डा! मागणी रद्द करावी, तर दुकानाच्या नावापुढचे पसंतीचे तारे गळणार. पाठवावी, तर अब्बांची अट आड येणार.

शेजारी सुकुमार चौगुले. बेदाण्याचा व्यापारी, तोही ऑनलाइन. तो चहा घेऊन आला. हा बेदाणा कसा? अंग चोरून बसतो! पाच किलोला वीतभर खोकं. त्याला भाड्याची काय झळ?

“मेहरूताई, एवढं काय डोक्याला हात लावून बसलाय?” सुकुमार म्हणाला. “शंभर, तीस, तीस लिवा. अठरा किलोत काम होतंय.”

“आणि मापलं तर?”

“कोण मापतंय? धा खोक्यातलं एक मापत्यात. नशिबाचा खेळ हाय. मापलंच, तर म्हणायचं — अडाणी हाय, चुकलं!”

मेहरू म्हणाली, “सुकुमारदादा, गेल्या वेळी चुकलं ते न कळता. आता मला कळलंय. केसभर सूर उतरला, तर आमचे अब्बा तार काढून फेकतात. त्या घरात बसून मी टेपेला खोटं सांगू?”

सुकुमारनं चहा घेतला, म्हणाला, “मग भरा खड्डा! आमचं काय जातंय.” पण जाताना उंबऱ्याशी थांबला आणि म्हणाला, “टेप बारकी हाय तुमची. माझी घ्या, मोठी हाय.” वा रे सुकुमार! सल्ला खोटा, पण टेप खरी!

मेहरूनं सगळ्यात आधी काय केलं? तानपुऱ्याच्या आकाराचं खोकं! बुडाला रुंद, दांडीला निमुळतं. पुठ्ठा कापला, शिवला, झकास झालं. कुरिअरचा माणूस आला. त्यानं टेप कुठं लावली? सगळ्यात रुंद जागेला! लांबी तीच, रुंदी तीच, उंची तीच. “ताई, खोकं लई भारी केलंय,” तो म्हणाला, “पण आमच्या मशीनला कोपरे दिसत्यात फक्त.” दोन दिवसांची मेहनत गेली.

ते निमुळतं खोकं घेऊन ती भुईवर बसली. दांडीच्या दोन्ही बाजूंना जागाच जागा! पैसे त्याच जागेचे लागत होते. आणि तिच्या मनात आलं — रिकामी जागा कमी करता येत नसेल, तर भरता येईल का?

तिनं जोडीतला एक तानपुरा आडवा ठेवला. दुसरा उलटा फिरवला. याच्या दांडीशेजारी त्याचा भोपळा, त्याच्या दांडीशेजारी याचा! टेप लावली. एकशे सत्तर, पन्नास, बेचाळीस. दोन्ही मिळून बहात्तर किलो! दोनदा एकोणसाठ नव्हे, एकदाच बहात्तर. खड्डा भरून वर तेराशे बारा उरत होते!

“मेहरू!” दस्तगीरभाईंचा आवाज. कधी दारात येऊन उभे राहिले, कळलंच नाही. “काय करतीयास हे? एकीच्या पायाशी दुसरीचं डोकं? वाद्य हाय ते!”

मंडळी, या कारखान्यात चाळीस वर्षांचा दंडक आहे. वाद्य ओलांडायचं नाही, वाद्याला पाय लावायचा नाही, आणि जोडी निजवायची ती एका दिशेनं. मेहरू लेक त्याच घरातली. तिला का ठाऊक नव्हतं?

“अब्बा, भाडं बसत नाही हो दुसऱ्या कशानं.”

“न्हाई बसत तर नगं पाठवू! भाड्यापायी रीत मोडायची?”

मेहरू उठली नाही. हळूच म्हणाली, “अब्बा, मी आणि झुबेदा आपा लहानपणी कशा झोपायचो?”

म्हाताऱ्यानं त्या दोन तानपुऱ्यांकडे पाहिलं.

“एकच गोधडी होती. लांबी पुरायची, रुंदी पुरायची नाही. मग तुम्हीच आपाचं डोकं इकडं करायचात, माझं तिकडं. तिचे पाय माझ्या तोंडाशी, माझे तिच्या. तेव्हा आम्ही काय कुणाचा अपमान करत होतो?”

दस्तगीरभाई खाली बसले. मग म्हणाले, “लाथा लई मारायचीस तू तिला.” आणि एक जुनी चादर मागवली. दोन्ही तानपुऱ्यांच्या मधे, जिथं दांडी भोपळ्याला लागेल तिथं, ती चौपदरी करून स्वतःच्या हातानं बसवली. “लाथा लागू नयेत,” म्हणाले.

टाळी द्या मंडळी! बाजाराला नव्हे — त्या म्हाताऱ्याला, आणि त्या लेकीला! अर्जाच्या रकान्यांत मेहरूनं लिहिलं — एकशे सत्तर, पन्नास, बेचाळीस. सेंटिमीटरही कमी नाही. खरं बोलून जागा काढली, हो! खोटं बोलून तर कुणीही काढतो.

आता तुमच्याकडे वळतो. चुळबूळ नको! ‘घरपोच मोफत’ दिसलं की आपला अंगठा कसा पळतो? मोफत म्हणजे कुणी भरलं नाही असं नव्हे. मोफत म्हणजे आपण विचारलं नाही! आणि घरी आल्यावर — रंग फोटोतल्यासारखा नाही, द्या परत! ते खोकं रिकाम्या हातानं परत जात नाही. जायचं भाडं, यायचं भाडं, कुणाच्या तरी घरातले आठ दिवस घेऊन जातं. मीसुद्धा गेल्या महिन्यात झांजा मागवल्या आणि परत पाठवल्या. कुणाच्या होत्या, विचारलं नाही. आज विचारतो आहे. तुम्हीही एकदा, दाबायच्या आधी, विचारून बघा.

आणि ती जोडी? शनिवारी निघाली. खोकं वाटेत फुगलं, तर दोन-चार सेंटिमीटर वाढतात आणि तेराशे बारा वितळायला लागतात. भोपळ्याला तडा गेला, तर सगळंच गेलं. भोपळे अजून माळ्यावर आहेत — अकरातले तीन उतरले, आठ उरले. भाजीवालीला अजून निरोप गेलेला नाही.

आज संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी मेहरूच्या फोनवर शेवटची ओळ आली. ‘पार्सल नागपूर गोदामात पोहोचले. मोजमाप बाकी.’