मऊ लुगडं

पालमच्या बसस्टँडवर परभणीच्या बसची वाट बघत बसलेल्या राजेश्रीबाईंच्या कानावर मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं पडलं.

"मागच्या येळंला लेकीची नवी कोरी कार तुमी पोळ्याच्या बैलावानी काथ्यानं घासली. लय ओरखडे पडले!"

"मला वाटलं, बैल काय अन् कार काय, आपलं आपल्या हातानं धुवावं."

"आता गेल्यावर हात लावू नका. वॉशिंग सेंटरलाच धुवू द्या तिला."

"न्हाई म्हनली. सकाळीच फोन आलता."

"काय म्हनली?"

"'बाबा, धुवायला तुमीच या. फकस्त काथ्या घरी ठिवा.'"

"मंग पिशवीत काय हाय?"

"तुजं जुनं लुगडं. लय मऊ झालंय."

"एकच आनलं? मंग मी कशानं पुसू?"