पात्यावरचं तिसरं भोक

माझा जन्म इथलाच, रायपूरचा, पण गाव म्हणाल त पुलगावकडचं, आमचे बाबा तिथून रेल्वेत लागून इकडे आले, वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर, अन मी बी फिटरच झालो, पण रेल्वेत नाई, शेतकी कॉलेजात, इंजिनीयरिंगच्या पोट्ट्यांचं जे वर्कशॉप राह्यते न, तिथं. बत्तीस वर्षं केली ताई. पहिल्या दिवशी बाबांनी मले गोल बाजारातून कानस घेऊन दिली होती, म्हणे भास्कर, दुसऱ्याची कानस मांगू नोको, फिटरची इज्जत जाते. ती कानस अजून हाय. इज्जतीचं सांगतो पुढं. तुमी मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहून घ्याले आल्या, की आपला साधा मराठी माणूस, अन त्याच्या हाताखालची पोट्टी कशी बक्षीस घेऊन आली. सांगतो न, तेच सांगतो. पण मी सांगीन ते सगळं लिहा, मंधातलं गाळू नोका. शोभा, ताईले चहा आण वो.

त काय होतं, या कॉलेजांची दरसाल स्पर्धा राह्यते. कुठकुठली कॉलेजं येतात, पोट्ट्यांनी सोताच्या हातानं शेतीची मशीन बनवायची, वावरात चालवून दाखवायची, परीक्षक बांधावर उभे राहून पाह्यतात अन मंग विचारतात, हे काहून असं केलं, ते काहून तसं केलं. कपाचं सोडा, कप काय, कोणाच्याई घरी धूळ खाते. खरं बक्षीस म्हणजे पहिल्या नंबराले ट्रॅक्टरच्या मोठ्या कारखान्यात ट्रेनिंग, अन ट्रेनिंग म्हणजे नोकरीच समजा. आमच्यासाठी नियम एकच होता, फिटरनं हात लावायचा, डोकं पोरांनीच लावायचं. मी दरसाल कागदावर सही करून देत होतो तशी. बाकीचे फिटर काय करत होते मले मालूम नाई, मी त्या सालापर्यंत कधी डोकं लावलं नाई, अन कोणाचं चोरलं बी नाई.

खेमिन म्हणून पोट्टी होती, खेमिन साहू, अभनपूरकडच्या खेड्यातली, आई-बाप धानाच्या शेतीतले. लय हुशार नाई म्हणणार मी, पण चिवट. दुसऱ्या पोट्ट्या ग्राइंडरचा आवाज झाला की कानावर हात ठेवत, ही चष्मा लावून फुढं येऊन उभी राहे. मले कका म्हणे. छत्तीसगढीत काकाले कका म्हणतात, तुमाले त मालूम हाय. कका, देख न. कका, बता न. अन माझ्या तोंडचं मराठी ऐकून ऐकून शिकली बी होती, काहून कका, काय करून राहिले, असं म्हणे अन सोताच हासे. माझे सोताचे नातू घरी हिंदी बोलतात ताई, अन ती मराठी बोले.

तिनं धानातलं गवत काढाची मशीन घेतली होती. इकडे बियासी करतात न, धान फेकून पेरतात, महिनाभरानं वावरातल्या पाण्यातच उभ्या धानात हलका नांगर फिरवतात, त्यानं गवत मरते अन धान विरळ होते. पण नांगराले बैल कोण ठेवते आता, अन जी मशीन बाजारात भेटते तिच्या पात्यात गवत असं गुंडाळते की दर दहा पावलांवर थांबा अन हातानं उपसा. खेमिननं काय केलं, तिच्या आईचा जुना हंसिया आणला, इळा, झिजून झिजून त्याचं टोक मांगं वळलेलं, म्हणे कका, माय के हंसिया में घास अटकता नहीं, फिसल जाता है, ब्लेड को ऐसा मोडें क्या. ताई, मी बत्तीस वर्षं लोखंड वाकवलं, माझ्या डोक्यात नाई आलं हे. तिनं सोता पट्टी कापली, भट्टीत तापवली, ठोकली. मंग बोल्टासाठी भोकं पाडली, दोन लागतात, पण पहिलं भोक बोटभर चुकलं, मंग तिसरं पाडाव लागलं. मी म्हटलं, बह्याड, पहिले खूण करत जा. म्हणे, हव कका, ये ट्रायल है, असली में दोच रहेंगे. ते ट्रायलचं पातं तिनं माझ्या फळीवर ठेवलं, अन मशीनमध्ये नवीन पाती लावली, साफ, दोन-दोन भोकांची.

आता सायलीचं. सायली म्हणजे तुमच्या सेक्रेटरी साहेबांची पोरगी. हो हो, लिहा, थांबू नोका. त्याच वर्गात होती, तिची बी मशीन तीच, गवत काढाची, इंजिन भारी लावलेलं, रंगबिंग झकास, पण गवत गुंडाळूनच राहिलं होतं. स्पर्धा पाच दिवसांवर. एक दिवस सेक्रेटरी साहेब सोता वर्कशॉपवर आले. ताई, मी मंडळात पंचवीस वर्षं गणपतीत खुर्च्या लावल्या, दिवाळीत खुर्च्या लावल्या, नाटक असलं की खुर्च्या लावल्या, अन सगळ्यात मांगं भिंतीले टेकून उभा राह्यलो. मले कोणी म्हटलं नाई बस म्हणून, अन मी बी बसलो नाई. त्या दिवशी साहेब मले म्हणतात, राऊतजी, आपली मराठी पोर आहे, तुमच्या भरवशावर आहे. राऊतजी! मी त पाघळलोच. त्यांनी चोरी कर म्हणून नाई म्हटलं, हे बी लिहा. ते बिचारे मदतच मांगत होते, चोरी माझ्या डोक्यातून निघाली.

दुपारी जेवाच्या सुट्टीत वर्कशॉप रिकामं होतं. मी फळीवरून खेमिनचं पातं काढलं, आठ पट्ट्या कापल्या, त्याच बाकानं वाकवल्या, अन एकेका पट्टीवर तिचं पातं क्लॅम्पनं दाबून वरूनच ड्रिल मारला. आमची हीच रीत हाय, नमुना वर दाबला की माप घ्याव लागत नाई, जिथं भोक हाय तिथं भोक पडते. हात चालत होते, डोळे दाराकडे होते. एकदाबी माझ्या ध्यानात नाई आलं की मी तिसरं भोक बी पाडून राहिलो, जे कायच्याच कामाचं नाई. सायली आली तवा म्हटलं, घे बेटा, नवीन डिझाइन हाय. म्हणे, अंकल आप तो जीनियस हो. कुठून आलं ते तिनं विचारलं नाई अन मी सांगतलं नाई.

स्पर्धेच्या दिवशी सायलीचा नंबर आधी होता. मशीन धानातून अशी गेली की बस, एक काडी अटकली नाई. मंग खेमिन. तिची बी तशीच गेली, इंजिन लहान म्हणून थोडी हळू. परीक्षक खाली वाकले, पातं पाह्यलं अन म्हणतात, ये ब्लेड तो अभी उस मशीन में देखा, तुमने वहाँ से लिया क्या? पोट्टी गडबडली. म्हणे, नहीं सर, मेरा है, मेरा पहला ब्लेड वर्कशॉप में रखा है, कका से पूछ लीजिए. अन सगळ्यांनी माझ्याकडे पाह्यलं. तीन परीक्षक, सायली, प्रोफेसर लोक, बांधावर उभे सेक्रेटरी साहेब, अन ही, पाय चिखलात, तोंडावर भरवसा. ताई, एक शब्द बोलाचा होता मले. हव म्हणाचं होतं, येवढंच. अन मी काय म्हटलं असंन? म्हटलं, साहब, वर्कशॉप में तो सब एक-दूसरे का देखते ही हैं.

मी खोटं नाई बोललो, असं मी सोताले किती दिवस समजावत राह्यलो. पाहा न, वाक्य खोटं नाई. पण त्या वाक्यानं पोट्टी चोर ठरली अन मी उभा राह्यलो. तिचे मार्क कापले. ती रडलीफडली नाई. सायलीच्या मशीनजवळ गेली, वाकली, बोटानं भोकं मोजली, एक, दोन, तीन. मंग दुसऱ्या पात्याची, एक, दोन, तीन. मी दुरून पाह्यलं तवा माझ्या ध्यानात आलं. ती माझ्यासमोर येऊन म्हणे, चलती हूँ, सर. कका नाई म्हटलं. कॉलेज संपेपर्यंत सरच म्हणत राह्यली.

तुमी होत्या न मंडळात त्या सत्काराले? पहिला नंबर आला म्हणून सायलीचा झाला, अन तिच्या मांगून माझा बी. शाल, नारळ, गुरू म्हटलं मले. पहिल्या ओळीत बसवलं, अन खुर्च्या त्या दिवशी बी मीच लावल्या होत्या बरं. टाळ्या वाजल्या. घरी आलो त शोभा, माझी बायको, म्हणे, शाल अंगावर घ्या, फोटो काढू. मी नाई घेतली. म्हणे, काहून? मी म्हटलं गरम होते. चार वर्षं झाली, थंडीत बी गरमच होते म्हणतो, तिनं विचारणं सोडलं. कॉलेजनं सायलीची मशीन दाराजवळच काचेत ठेवली, मले रोज तिच्यासमोरून जाव लागे. गंमत पाहा, मधात समता कॉलनीत मोतीबिंदू काढला, डॉक्टर म्हणे आता सगळं साफ दिसंन. दिसलं न बाप्पा. काचेतलं ते भोकच पहिले साफ दिसलं.

रिटायर झालो, घरी बसलो, अन जीव लागे ना. खेमिनचं ट्रायलचं पातं मी स्पर्धेच्याच आठवड्यात घरी आणलं होतं, अन मंग सत्काराच्या शालीत गुंडाळून ठेवलं होतं, काहून आणलं, लपवाले का सांभाळाले, मलेच नाई मालूम. मांगच्या महिन्यात ते थैलीत घातलं अन सिलतराले गेलो. ती तिथं लोखंडाच्या कारखान्यात मेन्टेनन्सले लागली हाय. धानातली पोट्टी, शेतीच्या मशीनी बनवणारी, अन दिवसभर धुरात कन्वेअरचे पट्टे पाह्यते. गेटासमोरच्या टपरीवर आली, डोक्यावर हेल्मेट, तोंडाले गमछा, मले पाह्यलं अन म्हणे, नमस्ते सर, चाय लेंगे? मी चहाच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पातं बाकड्यावर ठेवलं. रडलो बी, खोटं कायले बोलू.

तिनं पातं उचललं, उलटं-सुलटं पाह्यलं. म्हणे, मैं तो उसी दिन गिन ली थी सर. मी म्हटलं, मंग बोलली काहून नाई तिथं? म्हणे, मैं आपका नाम ली थी न. उसके बाद और किसका नाम लेती?

काय सांगू तुमाले. मारलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हटलं, बेटा, माफ कर. ती तिसऱ्या भोकावर बोट फिरवत राह्यली. मंग म्हणे, मेरे को बोलने से क्या होगा सर, मेरे को तो पहले से मालूम है. वहाँ बोलिए जहाँ ताली बजी थी. अन पातं माझ्याच हातात दिलं. भोंगा झाला, ती चालली गेली. माफ केलं का नाई, तेई मले मालूम नाई.

घरी येऊन सायलीले फोन केला, पुण्याले राह्यते ती, त्याच बक्षिसानं लागलेली नोकरी करते. पहिले ऐकून घेतलं, मंग चिडली, म्हणे, अंकल, मैंने आपसे चोरी करने को कहा था क्या, अब मैं अपना इनाम किस मुँह से देखूँ? बरोबर हाय तिचं. एकीचं घेतलं अन दुसरीले दिलं, असं मी समजत होतो. आता पाह्यतो त दोघींचंई घेतलं.

म्हणून तुमचा फोन आला तवा मी लगेच या म्हटलं. टाळ्या मंडळात वाजल्या होत्या, त सांगाचं बी मंडळातच. सेक्रेटरी साहेबांले मी काल जाऊन सांगतलं. त्यांनी नुसतं दार लावून घेतलं. कदाचित ते हे पान काढतीन. काढलं त प्रकाशनाच्या दिवशी मी येईन, खुर्च्या लावीन, अन मंग उभा राहून तोंडानं सांगीन. शोभाले बी हे आजच मालूम झालं, चहा घेऊन दारात उभी हाय कवाची, पाहा. ये वो, ठेव तो चहा. रागाव मले, पण मंग रागाव.

अन ही शाल घेऊन जा, मंडळाची हाय, मंडळाले द्या. माझा फोटो नोका काढू ताई, ठेवा तो मोबाइल. ह्या पात्याचा काढा. थांबा, खिडकीजवळ धरतो, असं नाई, सरळ, तिन्ही भोकं दिसली पाह्यजेत. खाली नाव लिहा, खेमिन साहू. मोठ्या अक्षरात लिहा. लिहिलेलं मराठी तिले पुरतं समजते का नाई सांगता येत नाई, पण अक्षरं त तेच हायेत, सोताचं नाव त ती वाचून घेईन.