तीस झाले, आत्या!

...चहा? चहा कुठून देणार हो, मी गुडघ्यांवर! आणि तुम्हाला सांगतो, विमानाच्या बाविसाव्या रांगेतले गृहस्थ पडद्यातून डोकं घालून काय म्हणतात? ‘तुमचा व्यायाम झाला की एक चहा, साखर कमी!’ व्यायाम?... अहो, खाली आमच्या आत्या पडल्या होत्या!

आत्या म्हणजे आमच्या मुख्य हवाईसेविका. आत्या तशा कुणाच्याच नाहीत, पण अख्खी कंपनी आत्या म्हणायची, वैमानिकसुद्धा. दरवर्षी प्रथमोपचाराची उजळणी त्याच घ्यायच्या. जमिनीवर रबरी बाहुला, आम्ही त्याची छाती दाबायची, मोठ्यानं मोजायचं, आणि डोक्यावर आत्या : ‘कोपर सरळ, ठोंब्या! कणीक मळतोयस का?’ तीस झाले की म्हणायच्या, ‘पुरे. पास!’ वीस वर्षं, तुम्हाला सांगतो, तीस म्हटलं की ‘पुरे’!

या हातांनी काय काय नाही केलं! ढगांत बाळंतपण केलंय, जुळ्यांचं; दोघंही खिडकीच्या जागेवरून भांडतच आली बाहेर! एकदा वैमानिकाची उचकी थांबवली, तेव्हा कुठे विमान सरळ उडायला लागलं!

आणि त्या दिवशी भरदुपारी, चहाची गाडी ढकलता ढकलता आत्या म्हणाल्या, ‘जरा धर रे...’ आणि कोसळल्याच. श्वास नाही, काही नाही. मी पुकारा करायला लावला, ‘विमानात कुणी डॉक्टर आहे का?’ तीन हात वर! एक इतिहासाचे डॉक्टर, एक दातांच्या, एक गुरांचे. गुरांचेच धावले बिचारे, बाह्या सरसावून : ‘तुम्ही दाबा, श्वास मी देतो!’

मी दाबतोय... अठ्ठावीस, एकोणतीस, तीस! थांबलो. त्यांनी दोन श्वास दिले, आता मी पुन्हा सुरू करायचं ना? तर मी आपला आत्यांच्या तोंडाकडे बघत बसलेलो... ‘पुरे’ची वाट बघत! गुरांचे डॉक्टर ओरडले, ‘अहो, हात चालवा!’ नंतर म्हणाले, चारच सेकंद गेले, त्यानं काही फरक पडला नसता. त्यांच्या घड्याळात चार असतील. माझ्या घड्याळात ते अजून चालूच आहेत.

छातीला लावलेलं, हृदयाला विजेचा धक्का देणारं यंत्र तर इतक्या गोड आवाजात सांगत होतं, ‘धक्क्याची गरज नाही. दाबत राहा.’ जसं काही जेवायला वाढतंय! विमान उतरलं, चाकं टेकली, मी दाबतोय. दार उघडलं, मी दाबतोय. रुग्णवाहिकेतली डॉक्टर आली, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं तपासलं, घड्याळ पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘काका, पुरे.’

पुरे म्हणाली. पास नाही म्हणाली.

आता आत्यांचा तो उजळणीचा वर्ग माझ्याकडे आलाय. पोरंपोरी तिसापर्यंत मोजतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. मी ओठ घट्ट मिटून उभा. ‘सर, चुकलं का काही?’ नाही रे बाबांनो, माझ्याकडे बघू नका, दाबा... वर तक्रार गेलीय माझी, तुम्हाला सांगतो : यांचा वर्ग वेळेवर सुटत नाही!

खरंच आहे. नाही सुटत.