जांघेतलं अवधान

न्हाई, पर मला एक सांगा, दुसऱ्याच्या जांघेला हात लावायची एवढी हौस कावून आसावी मान्साला? तुमाला सांगतो, अख्ख्या पाली गावानं माझी जांघ चाचपली! मी सिदू, मेंढरामागं हिंडनारा मानूस, माझी जांघ काय देवळातली घंटा हाय का, येनाऱ्या-जानाऱ्यानं हात लावायचा? आन लावून म्हनायचं काय? 'सिदू, अवधान हाय. जातंय!'

झालतं काय, तळपायाला काळा डाग आलता, मसुराएवढा. मला वाटलं बाभळीचा काटा मोडला. दाभनानं कोरलं, काटा न्हाई. बिब्ब्याचा चटका दिला, तर डाग मरायचं सोडून पसरला, चिघळला, आन मंग जांघंत आली गाठ. बायको, सत्यभामा, म्हनली, 'आवं, दवाखान्यात चला, मला हे बरं दिसत न्हाई.' पर तिचं ऐकतंय कोन! हे सुंदरराव, बसलेत बघा म्होरं, आमचे पुढारी, यांनी गाडी थांबवून भर रस्त्यात धोतर वर करायला लावलं... 'आरं येड्या, पायाला जखम झाली की जांघंत गाठ, अवधान, येतंच. जातंय!' आन हा हनुमान, चौसाळ्याचा मेडिकलवाला, यानं तर न बघताच गोळ्या दिल्या. 'अवधान हाय, जातंय!' सासूनं तेवढं लांबूनच सांगितलं, देवानं लाज राखली!

गेलं का? लिंबाएवढं झालं! तवा सत्यभामानं मेंढरं भावाकडं सोडली आन मला धरून शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीनबाई पोरीच्या वयाची. तिनं बी जांघ दाबली! म्हनलं, आता ही बी म्हननार... पर न्हाई! तिनं गाठीचा तुकडा काढून तपासायला धाडला, आन पुढल्या खेपेला खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. तुमाला सांगतो, डॉक्टर उभ्यानं बोलला तर भ्यायचं न्हाई, जवळ येऊन बसला की समजायचं! 'काका, हा कातडीचा कॅन्सर हाय. आन जांघंतल्या गाठीपस्तोर पोचलाय.'

मंग काय, तळपाय कोरला, गाठी काढल्या, पाय सुजून खांबावानी झाला, वर सलाइनी. मी इचारलं, 'बाई, जगन का?' म्हनली, 'गाठीत गेलेला कॅन्सर निम्म्या लोकांचा परत येतो, निम्म्यांचा येत न्हाई.' 'आन मी कंच्या निम्म्यात?' 'ते आज कुनालाच सांगता येत न्हाई, काका.' आता बोला! मला चिडच आली. मी नुसत्या चालीवरून वळखतो कंची मेंढी पावसाळा काढनार, आन हिला... पर मंग ध्यानात आलं, वळखलं तरी मी मेंढीला कुठं सांगतो? लई भ्या वाटलं बघा तवा.

'रोज मान, काख, जांघ चाचपा,' म्हनली, 'गाठ लागली की त्याच दिशी या.' चाचपतो की! उठलो की आधी त्येच काम. सत्यभामा म्हनते, देवाला हात जोडा आधी...

आन आज सकाळी, इथं, कानाखाली. हे बघा. वाटान्याएवढं. या की फुडं! आता तर धोतर बी वर करायचं न्हाई, मोकळी मान हाय! सुंदरराव? चपलीकडं काय बघताय, इकडं बघा की! हनुमान, तू कावून गप झाला बे? तुला तर बघावं बी लागत न्हाई! सत्यभामा आत दवाखान्याची पिशवी भरतीय, रडतीय, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हना की कुनीतरी, गावानं येवढ्या येळा फुकट म्हनलंय...

बरं, राहू द्या. ह्या खेपेला मीच म्हनतो.